रिकामी व पडीक: धानपट्ट्यातल्या पोरींच्या फुटबॉल क्लबचं एक प्रकरण

आधीच सांगते, गावाचं नाव घेत नाही, क्लबचं घेत नाही आणि माणसांची तर नाहीच नाही, कारण इथे सगळे एकमेकांचे सोयरे आहेत आणि मला इथेच राहायचं आहे. गाव भंडारा-गोंदियाकडचं, धानाचं. मी ग्रामपंचायतीत कम्प्युटर ऑपरेटर, कागदावर संगणक परिचालक, आणि संध्याकाळी क्लबची लेफ्ट बॅक. ही दोन्ही कामं एकाच बाईकडे असली की काय होते ते खाली येईलच.

पार्श्वभूमी

गावाच्या वरच्या अंगाला मालगुजारी तलाव आहे, त्याच्या पाळीखाली ई-क्लासची तीनेक एकर सपाट जागा. बाकी महाराष्ट्रात ज्याले गायरान म्हणतात ते आमच्याकडे ई-क्लास. बाहेरच्या माणसाला वाटते की खेड्यात काय जागेची कमी, पण धानपट्ट्यात जमीन म्हणजे बांध्या, धानाचे छोटे छोटे तुकडे, दर पंचवीस-तीस पावलांवर धुरा म्हणजे बांध, त्यामुळे शंभर मीटर सरळ, सपाट आणि मधात धुरा नसलेली जागा गावात एकच असते, नाही तर नसतेच. फुटबॉलचं मैदान कायद्यानं कमीत कमी ९० मीटर लांब लागते. आणि शंकरपटाला, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीला, पण लांब, सरळ, सपाट जागाच लागते. सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे, म्हणून हे आधी लिहून ठेवलं.

त्या जागेवर पूर्वी पटच भरायचा. संक्रांत झाली की बैलांच्या जोड्या यायच्या, लोक यायचे, लेकी माहेरी यायच्या. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, देशभर बैलांच्या शर्यती बंद झाल्या, आणि जागा ओस पडली. तरोटा वाढला, गाजरगवत वाढलं, लोक सकाळी डबा घेऊन जायले लागले. मी दहावीत होतो तेव्हा तिकडे जायची भीतीच वाटायची.

मग २०१७ आलं. त्या वर्षी सतरा वर्षांखालच्या पोरांचा फुटबॉल वर्ल्ड कप भारतात होता, म्हणून राज्य सरकारनं १५ सप्टेंबरला एकाच दिवशी लाखो पोरापोरींना फुटबॉल खेळवायचा कार्यक्रम घेतला आणि शाळांना बॉल वाटले. आमच्या जिल्हा परिषद शाळेतही आले. बऱ्याच शाळांत त्या बॉलचं काय झालं ते सांगायची गरज नाही, फोटो झाला आणि बॉल कपाटात गेले. आमच्या शाळेत मात्र एक सर होते, नागपूरला शिकलेले, विजय बारसे सरांचं झोपडपट्टी फुटबॉल त्यांनी कॉलेजात असताना जवळून पाहिलेलं. त्यांचं म्हणणं, बॉल कपाटात ठेवला तरी हवा जाते आणि खेळला तरी जाते, मग खेळलेला काय वाईट. शाळेचं अंगण छोटं पडलं म्हणून ते पोरीपोरांना घेऊन पाळीखाली गेले. तरोटा उपटायलाच आठ दिवस लागले.

मी तेव्हा बारावीत. लहान बहिणीला घ्यायला गेली तर सर म्हणाले एक भिडू कमी आहे, उभी राहा मागे. उभी राहिली ते आजपर्यंत.

क्लब कसा झाला

क्लब असा कोणी काढला नाही. सातवीनंतर पोरी सहा किलोमीटरवरच्या हायस्कूलला जायच्या, मानव विकासच्या निळ्या बसनं नाही तर सायकलनं, आणि तिथे पोरींना खेळायला काही नव्हतं, रांगोळी होती. म्हणून संध्याकाळी घरी आल्यावर पाळीखाली. २०१८ च्या दिवाळीपर्यंत चौदा जणी झालो, त्यात दोघी तर गावच्या सुना. सुना खेळतात म्हणल्यावर गावानं पहिल्यांदा मान वळवून पाहिलं. पोरी खेळतात ते कोणाच्या डोळ्यात नव्हतं.

घरून परवानगी कशी मिळाली त्याची गंमत आहे. फुटबॉल म्हणलं की बाप नाही म्हणायचा, भरतीची प्रॅक्टिस म्हणलं की हो. पोलीस भरतीला पोरींना ८०० मीटर धावायचं असते, १०० मीटर असते, ४ किलोचा गोळा असते. आम्ही रोज आधी दोन चकरा धावायचो, गोळा म्हणून एक गोल दगड ठेवला होता, आणि मग बॉल. खोटं काहीच नव्हतं, फक्त क्रम सांगायचा नाही.

बॉल दोनच उरले होते. बाभळीचा काटा गेला की ब्लॅडर काढून सायकलवाल्याकडे न्यायचं, तो ट्यूबसारखं पॅच मारायचा, मग चांभारकाकांकडे शिवण. शिवलेल्या जागी बॉल थोडा फुगीर राहायचा आणि जमिनीवर पडला की एका बाजूला उडायचा. आमच्या पोरींना त्याची इतकी सवय की २०१९ मध्ये तालुक्याला पहिल्यांदा नवीन बॉलवर खेळलो तर बॉल सरळ येते म्हणून गडबडलो. ०-७ हरलो. त्यांच्या पायात स्टड होते, आमच्यातल्या पाच जणी अनवाणी. पण हरल्याचं रडू नाही आलं, येताना काळीपिवळीत गाणीच म्हणली.

गोलपोस्ट बांबूचे. कागद काहीच नाही. नोंदणी नाही, ठराव नाही, साधा अर्जही नाही. चार वर्षं खेळलो, कोणी अडवलं नाही, म्हणून कोणाला विचारावं असं सुचलंच नाही.

अडचण

१६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रात बैलांच्या शर्यतींना अटी घालून परवानगी दिली. गावात फटाके फुटले. मी पण पेढा खाल्ला, खोटं कशाला बोलू, माझ्या आज्याची जोडी एके काळी नावाजलेली होती.

पटाला आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि त्यासाठी जागेचे कागद. पट समितीनं ग्रामपंचायतीला ना हरकत मागितली. मासिक सभेत विषय आला, पाच मिनिटात मंजूर झाला, आणि ना हरकतचं पत्र टाईप करायला माझ्याकडे आलं. सचिव साहेबांनी जुना मसुदा दिला, त्यात नाव-तारीख बदलायची होती. मसुद्यात ओळ होती: "सदर जागा सद्यस्थितीत रिकामी व पडीक असल्याने". मी ती ओळ टाईप केली. आदल्या संध्याकाळी मी त्याच जागेवर दीड तास खेळून आली होती, घोट्याला सूज होती, पाय स्टुलावर ठेवून मी ते टाईप केलं. प्रिंट काढली, शिक्का मारला, जावक नंबर टाकला.

तेव्हा काहीच वाटलं नाही, हे मला अजून खटकते. मसुदा होता, मसुद्यासारखा टाईप केला.

जानेवारी २०२२ मध्ये बायांचा एशियन कप मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात सुरू झाला. २० तारखेला भारत-इराण सामना सरांच्या मोबाईलवर सगळ्याजणींनी दाटीवाटीनं पाहिला, ०-०. २३ ला दुसरा सामना होता, पण आपल्या टीमला कोरोना झाला, खेळायला पुरेशा पोरीच उरल्या नाहीत आणि भारत स्पर्धेतूनच बाहेर. आम्ही नाराज. दुसऱ्या दिवशी सोमवारी मैदानावर गेलो तर आमचे गोलपोस्ट नव्हते. शोधलं तर पटासाठी जे कुंपण घालून राहिले होते त्यात आमचे सहाही बांबू गाडलेले, एकावर तर लाल ऑइलपेंटनं आमच्या कीपरनं काढलेला हात अजून दिसून राहिला होता. ट्रॅक्टरनं मधोमध पट्टा नांगरून भुसभुशीत केला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

भांडायला कोणाशी जावं? समितीत कीपरचे बाबा, सेंटर फॉरवर्डचा मोठा भाऊ, माझे चुलते. अध्यक्षभाऊ प्रेमानंच बोलले, "बाई, तुमचा खेळ बारा महिने, आमचा पट दोन दिवस. दोन दिवसासाठी काऊन डोकं लावता?" दोन दिवसाचा पट फेब्रुवारीच्या शेवटी झाला, पण जागा तयार करण्यात महिना गेला, आणि पट झाल्यावर खुरांनी उखडलेली, चाकोऱ्या पडलेली जमीन उन्हानं अशी कडक झाली की मे महिन्यापर्यंत तिथे चालणंही धड होत नव्हतं.

खूप नंतर रात्री मोबाईल चाळताना इंग्लंडचा किस्सा वाचला. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, केर लेडीज नावाच्या कारखान्यातल्या बायांच्या टीमचा सामना पाहायला ५३ हजार लोक आले होते. वर्षही नाही झालं, ५ डिसेंबर १९२१ ला तिथल्या फुटबॉल असोसिएशननं ठराव केला. त्यात बायांनी खेळू नये असं कुठे लिहून दंड नव्हता ठेवला, फक्त आपल्या क्लबांना सांगितलं की तुमची मैदानं बायांना देऊ नका. तेवढ्यानं काम झालं, पन्नास वर्षं झालं. मी ते वाचून उठून बसली. आमच्याकडे तर कोणाच्या मनातही वाईट नव्हतं आणि तरी तेच झालं होतं.

पर्याय कोणकोणते होते

मार्चमध्ये सरांच्या ओसरीवर बसलो. सरांची तोवर बदली झाली होती, ते शनिवार-रविवारच यायचे.

एक म्हणजे हायस्कूलचं मैदान. सहा किलोमीटर, संध्याकाळी परतीची बस नाही, सायकलनं अंधारात यायचं तर वाटेत नाल्याजवळ जंगल लागते. तिथेच सोडून दिला.

दुसरा, तलावाच्या पलीकडची मोकळी जागा. दिसायला उत्तम, पळसाची चार झुडपं आणि गवत. पण मी सातबारा काढला तर त्यावर झुडपी जंगल. हे प्रकरण विदर्भाबाहेर कोणाला समजावून सांगणं कठीण आहे, कागदावर जंगल आणि डोळ्यासमोर माळ. तिथे सपाटीकरण करायचं म्हणलं तरी वन कायदा आडवा येतो. काही जणी म्हणाल्या, कोण पाहते, खेळून घेऊ. मी म्हणलं आपल्याला आता एकदा कळलं आहे की कागद नसला तर काय होते. पुढे २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं पूर्व विदर्भातली झुडपी जंगलं वनजमीनच असं स्पष्ट केलं, त्यामुळे हा नाद सोडला ते बरंच झालं.

तिसरा पर्याय, तहसीलला तक्रार. पटामुळे बैलांचा छळ होतो असा अर्ज द्यायचा आणि पटच बंद पाडायचा. हे आमच्यातल्या दोघी तिघींना फार पटलं होतं आणि कायद्यात काही अटी समितीनं पाळल्या नव्हत्या हेही खरं. मी विरोध केला. कारण सांगितलं ते असं, की पट बंद पडला तर गाव आपलं तोंड पाहणार नाही. मनातलं कारण वेगळं होतं, ना हरकतवर जावक नंबर माझ्या अक्षरात होता. आज विचारलं तर मी निर्णय तोच घेईन असं वाटते, पण तेव्हा मी सगळ्यांना माझी गोष्ट सांगून मग मत द्यायला पाहिजे होतं. नाही सांगितली.

चौथा पर्याय सोपा वाटला म्हणून तोच आधी केला. कीपरच्या काकांची उन्हाळी धान न लावलेली बांधी, दोन धुरे फोडायला तयार झाले. एप्रिल-मे तिथे खेळलो. धान कापल्यावर जे धसकट राहते ते वाळून सुयांसारखं होते, आणि बांधीची माती भेगाळलेली. दोन महिन्यांत तीन घोटे आणि एक मनगट. मृग लागला, नांगर फिरला, संपलं. ह्या दोन महिन्यांत चौदाच्या नऊ झालो. पोरी खेळ सोडून देतात ते असं, कोणी नाही म्हणत नाही, एक दिवस येत नाही, मग दोन दिवस.

पाचवा पर्याय कीपरच्या आईनं काढला. ती बचत गटाची अध्यक्ष. म्हणे, "पटाले कागद होता म्हणून पट भरला. तुमी बी कागद करा ना मा. गरामसभा काय फक्त माणसाईची हाय का?"

काय केलं

१ मेच्या ग्रामसभेत विषय मांडायचा ठरलं होतं, पण कोरमच झाला नाही. आमच्याकडे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते लागते. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला कोरम लागत नाही हे मला माहीत होतं, म्हणजे पंधरा माणसांत ठराव करून घेता आला असता, आणि दोन-तीन जणींनी तसं सुचवलंही. मी नको म्हणलं. पंधरा माणसांतला ठराव दुसरी पंधरा माणसं पुढच्या वेळी फिरवतात. हा एक निर्णय मला आजही बरोबर वाटते.

मग १५ ऑगस्ट धरला. नियमित ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते, ती बहुतेक गावांत कागदावरच होते, अंगणवाडीताई, आशाताई आणि चार सह्या. आम्ही ती खरोखरची घ्यायचं ठरवलं. अडचण रोवण्याची, म्हणजे धानाच्या लावणीची. पाऊस मागेपुढे झाल्यानं ऑगस्ट अर्धा सरला तरी रोवणे चालूच होते, बाया पहाटे पाचला जाऊन संध्याकाळी सहाला चिखलानं भरून येत. म्हणून सभा १४ तारखेला रात्री आठला ठेवली, स्वयंपाक आटोपल्यावर, शाळेच्या वऱ्हांड्यात, बाहेर धो धो पाऊस. बचत गटांच्या ग्रुपवर मेसेज टाकला पण खरं काम घरोघरी जाऊन झालं. ६३ बाया आल्या. निम्म्या फुटबॉलसाठी नाही, नळाच्या पाण्यासाठी भांडायला आल्या होत्या, आधी पाण्यावर तासभर भांडल्या. मग मैदान.

एक म्हातारी आजी, जिची नात आमच्यात खेळते असंही नाही, उठून बोलली, "अवो, इतके वर्ष जागा पडली होती तवा कोणी झाडाले गेलं नाही. ह्या पोट्ट्यांनी तरोटा उपटला. मी पायली हाय." ठरावात हे वाक्य असंच्या असं नाही लिहिता आलं, पण "सदर जागेची साफसफाई व देखभाल सन २०१७ पासून गावातील मुली करीत आहेत" ही ओळ तिथूनच आली. हीच ओळ सगळ्यात कामाची ठरली.

मधल्या काळात समितीशी तीन बैठका झाल्या होत्या. आम्ही म्हणलं पटाला तयारीसकट आठ दिवस, ते म्हणाले एक महिना. पंधरावर आलं. सगळ्यात अवघड प्रश्न कीपरच्या बाबांनी विचारला, जे स्वतः जोडीवाले: "बैलाच्या खुरानं जागा उखडन, मंग पोट्ट्या खेळतीन कशा? पाटा फिरवा लागन. कोन फिरवन?" आम्हाला हे सुचलंच नव्हतं. शेवटी ठरलं की पट संपल्यापासून आठ दिवसांत समिती ट्रॅक्टरनं पाटा फिरवून जागा सपाट करून देईल, क्लबला विचारल्याशिवाय गोलपोस्टला हात लावायचा नाही, आणि ग्रामपंचायत ह्या जागेची जी काही ना हरकत देईल तिच्यात क्लबचा वापर लिहील. १५ ऑगस्टला ग्रामसभेत ठराव आवाजी मतानं झाला. कीपरचे बाबा त्या वेळी बाहेर तंबाखू मळत उभे होते, हो पण नाही म्हणाले आणि नाही पण नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईलवर पाहतो तर फिफानं भारतालाच सस्पेंड केलं, फेडरेशनच्या भानगडीपायी. गोकुलम केरळाच्या पोरी आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या होत्या, त्यांना खेळूच दिलं नाही. आमच्या ग्रुपवर एकीनं टाकलं, आपला ठराव झाला आणि देशाचा गेला. २६ ऑगस्टला सस्पेन्शन उठलं तेव्हा कुठे ऑक्टोबरचा पोरींचा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप वाचला.

ह्या ठरावानं जागा क्लबच्या नावावर झाली असं कोणी समजू नये. २०११ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून गायरान असं कोणाला देता येतच नाही. मिळाला तो फक्त वापर, आणि वापराचा लेखी पुरावा.

पैशाचं थोडक्यात. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात, आमच्याकडे ते दरवर्षी हळदीकुंकवाच्या वाणात आणि सतरंज्यांत जायचे. त्या वर्षी ते नऊ हजाराच्या आसपास होते. लोखंडी पाइपचे गोलपोस्ट ११,४०० ला बनले, वरचे पैसे आम्ही वर्गणी केली. नियमाचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ उंच असते, तेवढा पाइप परवडला नाही म्हणून पाच बाय दोनचा केला. वेल्डरला सांगून खाली जमिनीत गाडायला मोठ्या पाइपचे तुकडे केले, त्यात पोस्ट उभा करायचा आणि पटाच्या वेळी काढून शाळेत ठेवायचा. कोणाला कुंपण करायचा मोह नको.

२०२३ मध्ये संस्था नोंदणी केली. सात सभासद लागतात. इथे एक गोष्ट विचार करून केली, सातात खेळणाऱ्या कुमारिका पोरी फक्त दोन टाकल्या, बाकी चार आया आणि एक सून. कारण पोरगी लग्न होऊन गेली की तिच्या जागी दुसरी घ्यायची तर धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, आणि चेंज रिपोर्ट म्हणजे चपला झिजवणं.

काय झालं

२०२३ चा पट पंधरा दिवसांत आटोपला, पाटा आठ दिवसांऐवजी पंचवीस दिवसांनी फिरला. १८ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं शर्यतींचा कायदा कायमचा वैध ठरवला, म्हणजे पट बंद पडेल आणि जागा आपोआप मोकळी होईल ही जी एक आशा काही जणी धरून होत्या ती गेली. त्याच वर्षी १७ मार्चपासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं. स्पर्धेला जायचा खर्च निम्मा झाला, आणि मी सांगते ह्या एका गोष्टीनं आमच्या क्लबसाठी जितकं केलं तितकं कोणत्याच क्रीडा योजनेनं नाही केलं.

२०२४ ला पाटा फिरलाच नाही. समितीचा ट्रॅक्टरवाला म्हणे मागच्या वर्षीचे डिझेलचे पैसे नाही मिळाले. ठराव दाखवला, सगळे हो हो म्हणाले. होळी झाली, तरी चाकोऱ्या तशाच. शेवटी आम्हीच फावडे-घमेले घेऊन नऊ दिवस ढेकळं फोडली, हाताला फोड आले. ठरावात पाटा नाही फिरवला तर काय, हे लिहायचं राहून गेलं होतं.

२०२५ ला मात्र बायांनी डोकं लावलं. पटात चहा, भजी, आलुपोह्याची दुकानं लागतात आणि स्वयंपाकाचा ठेका बचत गटाकडे असते. कीपरच्या आईनं जानेवारीतच अध्यक्षभाऊंना निरोप पाठवला, पाट्याचं डिझेल आधी भरून पावती दाखवा, नाही तर पाहुण्यांचं जेवण कोणाकडून रांधून घेता ते पाहून घ्या. पावती आली. पट संपल्यावर चौथ्या दिवशी ट्रॅक्टर मैदानात. वरून गटानं भज्यांच्या दुकानातून जे कमावलं त्यातले ६,००० क्लबला दिले, त्यात तीन नवीन बॉल आणि कीपरचे हातमोजे. म्हणजे आज क्लबचं सगळ्यात मोठं उत्पन्न पटातून येते, हसावं का रडावं कळत नाही.

खेळाचं म्हणाल तर आम्ही अजून कोणती स्पर्धा जिंकली नाही. ०-७ वरून १-२ पर्यंत आलो. दोघी पोलीस भरतीत लागल्या, एक नर्सिंगला गेली, पहिल्या चौदांपैकी चारच जणी आता खेळतात. पण खाली वीस-बावीस लहान पोरी आहेत, ज्यांना मैदान नव्हतं ते दिवस माहीतच नाहीत. ५ जुलै २०२५ ला भारताच्या बायांनी थायलंडला २-१ हरवून एशियन कपची जागा पक्की केली, त्या रात्री ह्या लहान पोरी तलावाच्या पाळीवर नाचून राहिल्या होत्या आणि त्यांच्या आया बॅटरी घेऊन शोधून राहिल्या होत्या.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात पहिली गोष्ट माझी. डिसेंबर २०२१ मध्ये ते पत्र टाईप करताना मी सचिव साहेबांना एवढंच म्हणायला पाहिजे होतं की साहेब, जागा पडीक नाही, आम्ही खेळतो तिथे. ते ऐकले असते की नाही कोण जाणे, पण माणूस चांगला होता, बहुतेक ओळ बदलली असती, आणि समितीलाही अडचण नव्हती, त्यांना जागेचा कागद पाहिजे होता, पडीक शब्द नाही. मी नोकरीला घाबरली असं म्हणता येत नाही, मला सुचलंच नाही. ही गोष्ट मी पोरींना २०२४ मध्ये ढेकळं फोडताना सांगितली. कीपर बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "तूनं टाईप केलं व्हय? मले वाटे सचिवानं केलं." आणि फावडं मारत राहिली.

दुसरं, २०१७ ते २०२१ ह्या चार वर्षांत एक साधा अर्ज देऊन पोच घेतली असती तर बरंच वाचलं असतं. सर म्हणतात त्यांनी मुद्दाम नव्हता दिला, अर्ज दिला की कोणीतरी नाही म्हणायला मोकळा होते. ह्यावर आमचं अजून एकमत नाही. मला वाटते पहिली दोन वर्षं सरांचं बरोबर होतं, स्पर्धेला जायला लागल्यावर अर्ज द्यायला पाहिजे होता.

तिसरं म्हणजे ते बांधीवरचे दोन महिने. सोपा पर्याय म्हणून घेतला आणि पाच पोरी गमावल्या. त्यापेक्षा दोन महिने नुसतं धावलो असतो, पाळीवर, तरी चाललं असतं.

तडजोड करायलाच नको होती असं म्हणणाऱ्या दोघी आजही आहेत. त्यांचं म्हणणं, पंधरा दिवस आज दिले, उद्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकाचा मंडप येईल, परवा लग्नाचं पार्किंग. गेल्या वर्षी झाडीपट्टीच्या एका नाटकवाल्यांनी जागा मागितलीच होती. आम्ही ठराव दाखवला, त्यांनी मंडप शाळेमागे टाकला, पण तोही शब्दावर, कागदावर नाही, तेव्हा त्या दोघी चूक आहेत असं मी छातीठोक सांगू शकत नाही.

परवाच्या पटाची ना हरकत परत माझ्याकडेच टाईपला आली होती. जुना मसुदा काढून टाकला आहे, आता लिहितो "सदर जागा क्रीडांगण म्हणून नियमित वापरात असून". सचिव नवीन आहेत, त्यांनी विचारलं हे कशाला, मी ठरावाची झेरॉक्स पुढे केली.

चेंज रिपोर्ट मात्र करावाच लागला. सातांतली जी सून होती तिच्या नवऱ्याला पुण्याला काम मिळालं, ती गेली, जाताना स्टड घेऊन गेली. कागद धर्मादाय कार्यालयात पडून आहेत, तिच्या सहीत नवीन आधारवरचं नाव आणि जुनं नाव जुळत नाही म्हणून परत बोलावलं आहे.